मेखकाकांचं पाचवं चाक

मावशीच्या यजमानांना आम्ही मेखकाका म्हणतो. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं काका. त्यांना काहीही सांगा, ते डोळे मिटणार, तर्जनी कानाशी नेणार आणि म्हणणार, "यात एक मेख आहे." नळ गळतोय? मेख आहे. दूध उतू चाललंय? त्यातही मेख आहे. आणि ती समजावून होईपर्यंत दूध ओट्यावरून फरशीवर आलेलं असतं.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट वाटण्यात त्यांची हयात गेली. कारखाना बंद पडला आणि वाटायला फक्त सल्ले उरले. मावशी घरी पडदे शिवते. हे दिवसभर तिच्या मशीनमागे उभे राहून टाक्यांवर देखरेख करायचे. एके दिवशी मावशीने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "भावोजींच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जागा निघालीय. ती मिळवा. नाहीतर मी मशीन घेऊन जिन्यात जाऊन बसते."

भावोजी म्हणजे काकांचे साडू, माझ्या दुसऱ्या मावशीचे यजमान. शब्द असे मोजून वापरतात, जणू प्रत्येकावर मीटर पडतंय. शिकाऊ लोकांना सुरक्षेचे धडे द्यायला त्यांना माणूस हवा होता. "रविवारी तुमच्या गाडीतून चक्कर मारू. मग बघू," एवढंच ते म्हणाले. काकांच्या कानात मात्र सनई वाजायला लागली.

आता शनिवारी माणसाने काय करावं? वाहतुकीचे नियम वाचावेत. काकांनी गाडी नटवली. त्यांची जुनी जीप; चारही चाकं नवी, चकचकीत अलॉयची, आणि मागच्या दारावरच्या स्टँडला स्टेपनी मात्र जुनी, पत्र्याची. रेशमी कोटाला गोणपाटाचं ठिगळ! साडूला ते दिसलं तर? काकांनी पाचवं अलॉय चाक आणलं. दुकानदार म्हणाला होता की हे चाक मध्ये जाड असतं, स्टँडचे बोल्ट आखूड पडतील, लांब बोल्ट मागवतो, चार दिवस थांबा. "मला थांब म्हणतो!" काका घरी येऊन गरजले. "मला! बोल्टांच्या बाबतीत!"

अंगणात मावशीने चाक गुडघ्याने रेटून धरलं आणि काका नट पिळायला लागले.

"अहो, हा टोकावरच अडलाय. जुन्या चाकाला कसा आतपर्यंत जायचा."

"दोन आटे धरलेत. दोन आटे पुष्कळ झाले."

"पडेल हं ते."

"यात एक मेख आहे. जड चाक स्वतःच्या वजनानेच घट्ट बसतं."

"मग नट कशाला लावताय?"

"लोकांसाठी!"

रविवारी साडू पुढे बसले, मावशी आणि मी मागे. काकांनी असा आरसा नीट केला, असा पट्टा लावला, की विमान उडवायचंय असं वाटावं. कोपऱ्यापर्यंत गेलो नाही तोच मागून खडखड सुरू झाली.

"काहीतरी वाजतंय," मावशी म्हणाली.

"तुझ्या पर्समधल्या चाव्या."

मावशीने पर्स छातीशी आवळली. खडखड चालूच. "आता?"

"आता मनातल्या असतील."

साडू शेजारी ऐकतायत म्हटल्यावर काका खुलले. सुरक्षित अंतर, वेगावर ताबा, ब्रेकवरचा पाय, सगळं एका दमात. बोलता बोलता उतार लागला, उताराच्या शेवटी गतिरोधक आला आणि ताबा जिथे हवा होता तिथे नव्हता. धाड! काकांनी करकचून ब्रेक दाबला. आम्ही थांबलो. आणि उजव्या खिडकीजवळून एक चाक, उन्हात लखलखत, आम्हाला ओव्हरटेक करून गेलं.

"बघा साडूबुवा, बघा!" काकांचा चेहरा उजळला. "सुटलं कुणाचं तरी चाक! काय एकेक नग असतात! घरून निघताना नट बघायला नकोत? ह्यांच्या हातात पोराची तीनचाकी देऊ नये, आणि हे रस्त्यावर गाड्या घेऊन येतात. लायसन्स फाडून हातात द्यायला पाहिजे! मी असतो तर त्या माणसाला भर चौकात उभा केला असता."

मावशी मागे वळून बघत होती. "अहो," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मागची काच आज भलतीच मोकळी दिसतेय."

काकांनी आरशात पाहिलं. तर्जनी कानाकडे निघाली होती, ती अर्ध्यावरच थांबली.

चाक तोवर रोपवाटिकेच्या कुंड्यांत घुसलं होतं. नशीब, फुटल्या त्या कुंड्याच. आतून एक बाई मातीच्या हातांनी तरातरा आली. "कुणाचं आहे हे?"

काका पायाखालच्या पॅडलकडे असे बघत राहिले, जणू ते बोलेल.

"सांगा की," साडू म्हणाले. "यात मेख काय आहे?"

काका खाली उतरले. "माझं आहे," ते म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "बोल्ट आखूड होते. मला दिसत होतं."

त्यांनी स्वतः माती भरली, खापऱ्या वेचल्या. परत निघालो तेव्हा चाक मावशीच्या मांडीवर होतं आणि मावशीचं तोंड खिडकीबाहेर. घराच्या दाराशी साडूंनी मीटर टाकलं. "त्या मूर्खाला जे बोललात ना, तेच सोमवारपासून पोरांना बोला. पण चाक वर्गात टांगायचं. आणि रोज तुम्हीच पुसायचं."

आता दर नव्या वर्गाला काका काठ चेपलेल्या त्या चाकाकडे छडी रोखतात. "एक महामूर्ख इसम होता..." इसम म्हणताना असं नाक मुरडतात, की पुढच्या जन्मीही त्याची ओळख ठेवणार नाहीत.

परवा एका पोरीने विचारलं, "सर, त्या इसमाचं पुढे काय झालं?"

काकांनी डोळे मिटले. तर्जनी कानापर्यंत गेली, आणि खाली आली.

"नोकरी लागली त्याला," ते म्हणाले आणि फडकं शोधायला लागले.