जाईबाईंच्या हातचं पाणी

लालबागच्या त्या चाळीत भिंतीतून पिंपळ उगवला की जाईबाईंना हाक यायची. पाइपाच्या सांध्यात, गच्चीच्या कठड्यात, जिथे कावळ्याची शीट पडेल तिथे तो उगवायचा. वेळीच काढला नाही तर भिंत फोडतो, हे सगळ्यांना कळत होतं. पण हात कुणी लावायचा? पिंपळ उपटला तर वंश बुडतो, मुंज्या मागे लागतो, म्हणून कोकणातली ती सगळी घरं त्या वीतभर रोपापुढे हात बांधून उभी राहायची. मग कुणीतरी दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीकडे बघून ओरडायचं, "ओ जाईबाई, या जरा! तुमच्यात काय बाधत नाय ना!"

चाळीत जयभीमवाल्यांचं ते एकच घर.

"बाधत नाही कसं? आमचा तो बोधिवृक्ष," असं त्यांनी एकदा म्हणून बघितलं होतं.

"मग तर बरंच झालं. तुमचाच आहे, तुम्हीच न्या," म्हणून लोक हसले होते.

जाईबाई नेत राहिल्या. जुन्या पेचकसाने चुना कोरायच्या, मूळ तुटू द्यायच्या नाहीत, ओल्या फडक्यात गुंडाळून रोप तेलाच्या रिकाम्या डब्यात लावायच्या. जीव उपटायचा तर दुसरीकडे रुजवायचाही, एवढाच त्यांचा धर्माचा हिशोब. नायगावच्या विहाराच्या आवारात, शिवडीला रुळांच्या कडेला त्यांनी लावलेले पिंपळ उभे होते. त्यातला पहिला चाळीच्या मागच्या अंगणात होता. गिरणी बंद पडली आणि त्याच साली कुशाबा, त्यांचे यजमान, गेले, तेव्हाचा. तीस वर्षांत तो चौथ्या मजल्याच्या वर गेला होता. रोज सकाळी वंदना झाली की जाईबाई त्याला दोन कळश्या पाणी घालायच्या. एवढ्या मोठ्या झाडाला पाणी लागत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. पण सवय होती, आणि बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

पुढे गुडघे गेले. कळशी घेऊन जिना उतरणं जमेना. तेव्हा सेक्रेटरी चिंतामणी परबांच्या बायकोने, दुर्गावहिनींनी, दिवाळीच्या सुमारास झाडाशेजारी एक निळा ड्रम आणून ठेवला. वर झाकण, आत डबा.

"आता कळशी नको नि काय नको. ड्रम आम्ही भरून ठेवू, तुम्ही नुसतं घाला," वहिनी म्हणाल्या.

जाईबाईंना भरून आलं. लग्न होऊन या चाळीत आल्या तेव्हा नळावर त्यांची कळशी सगळ्यांत शेवटी लागायची आणि नळ धुऊन मगच दुसरी बाई पुढे व्हायची. त्याच चाळीत आज कुणीतरी त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवत होतं. रविवारी विहारात सगळ्यांचं भलं चिंतायला, मैत्री भावनेला बसल्यावर त्यांनी सगळ्यात आधी दुर्गावहिनींचं नाव घेतलं.

माघात पानांच्या कडा करपायला लागल्या. फाल्गुनात झाड ओकंबोकं झालं. पिंपळ गळतोच तेव्हा, म्हणून कुणी बोललं नाही. पण चैत्र लागला तरी तांबूस पालवी फुटेना. जाईबाई दिवसातून तीनदा खाली जाऊन मान वर करून बघायच्या.

"ऊन केवढं आहे बघा ना," दुर्गावहिनी गॅलरीतून म्हणाल्या. "पाणी कमी पडतंय त्याला. चार डबे जास्त घाला."

जाईबाईंनी चार डबे जास्त घातले.

चैत्र संपता संपता एका दुपारी झाडापाशी त्यांना घेरी आली. ड्रममधलं ओंजळभर पाणी घेऊन त्यांनी चूळ भरली आणि थुंकून टाकली. खारट. समुद्राच्या पाण्याहून खारट. बाही वर करून त्यांनी ड्रममध्ये खांद्यापर्यंत हात घातला. तळातून मूठभर खडे मीठ वर आलं.

तीच मूठ घेऊन त्या परबांच्या दारात गेल्या. दुर्गावहिनी सुके बोंबील निवडत बसल्या होत्या.

"वहिनी, हे काय?"

"मीठ," वहिनी म्हणाल्या. ना दचकल्या, ना उठल्या. "बसा. हे बघा जाईबाई, चाळ पाडून टॉवर होतोय, त्याचा गाड्यांचा रॅम्प बरोबर तिथून जातोय. जितं झाड तोडायला परवानगी मिळत नाय. दोन वर्षं सगळं अडलंय. तुम्हाला पण लिफ्टवालं घर मिळणारच ना? गुडघे बघा तुमचे."

"माझ्या हातानं मारलंत हो त्याला."

"मग आणि कुणाच्या हातानं मारायचं? आमच्या पोराबाळांना लागलं असतं ना. तुम्हाला नाय लागत." एवढं बोलून वहिनींनी एका बोंबलाचं डोकं मोडून बाजूला टाकलं.

त्या दिवसापासून जाईबाई पुन्हा कळशी घेऊन जिना उतरायला लागल्या. कठड्याला धरून, एकेका पायरीवर बसत. खुरप्याने खारी माती उकरून गोणीत भरायच्या, वरून गोडं पाणी सोडायच्या. वरच्या गॅलरीतून पोरं ओरडायची, "आजी, सलाईन लावा!" बायका हसायच्या. आठवड्याभराने बुंध्याच्या पायथ्याशी करंगळीएवढा कोंब आला. त्याला दोन पानं, तांबूस आणि चकचकीत. जाईबाईंनी त्याभोवती चार विटा लावल्या.

पुढच्याच दिवशी सोसायटीने नेमलेला झाडांचा तज्ज्ञ आला. झाड मेलं की जितं, ते तो लिहून देणार होता. सगळी चाळ अंगणात जमली.

"पूर्ण वाळलाय साहेब," चिंतामणी परब म्हणाले.

"नाही साहेब, इथे बघा." जाईबाईंनी खाली बसून नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. मग त्यांनी कोंब दाखवला. "मिठाचं पाणी घातलं होतं त्याला. वहिनींनी स्वतः मला सांगितलंय."

"बाई बाई, किती खोटं!" दुर्गावहिनींनी गालांना हात लावला. "पाणी ह्याच घालायच्या साहेब. विचारा कुणालाही."

साहेबांनी विचारलं. सगळी चाळ खरंच बोलली. पाणी जाईबाईच घालायच्या, रोज, आम्ही पाहिलंय. ज्या पोराला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, तो हेरंबसुद्धा म्हणाला, "मी पण बघितलंय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "हा कोंब आहे तोवर मला मेलं लिहिता येणार नाही. काढून टाका कुणीतरी."

कुणी हललं नाही. बायकांनी पोरांना मागे ओढलं. नजरा जाईबाईंकडे गेल्या.

"नाही," जाईबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

साहेब वाकले. कोथिंबिरीची काडी खुडावी तसा त्यांनी तो दोन बोटांत खुडला, भिंतीपलीकडे टाकला आणि रुमालाला हात पुसून लिहायला लागले. 'रहिवासी महिलेने दिलेल्या खारट पाण्यामुळे वृक्ष मृत.' मागे कुणीतरी सुटकेचा श्वास सोडून म्हणालं, "चला, आपल्यातल्या कुणी नाय काढला."

चार दिवसांत झाड पडलं.

बुद्ध पौर्णिमेला विहारात सगळे पंचशील घेत होते. पहिल्याच शीलाला, जीवहत्येपासून दूर राहीन म्हणताना, जाईबाईंचा आवाज बंद झाला. भंतेजींच्या ते लक्षात आलं. नंतर त्यांनी जाईबाईंना जवळ बसवून सगळं ऐकून घेतलं.

"मनात हेतू नव्हता, तर दोष नाही, उपासिके," ते म्हणाले. "तुम्हाला माहीतच नव्हतं."

"ते खरं, भंते," जाईबाई म्हणाल्या. "पण माघापासून पानं करपत होती, मी रोज बघत होते. वहिनी माझ्याशी गोड बोलते, ह्याचंच मला एवढं कौतुक की पाण्याची चव एकदासुद्धा घेऊन बघितली नाही. ते कुणाच्या नावावर?"