एकही गोळी चुकवू नका

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बंदरासाठी गेलेल्या जमिनींच्या मोर्चांची पत्रकं वडील वाटायचे आणि उरलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली असायचे. पुस्तकं घरात फार नंतर आली. माणूस माहिती नसल्यामुळे मरतो, ती ठळक अक्षरांत त्याच्या हातात दिली की वाचतो, हे माझ्या डोक्यात लहानपणीच पक्कं बसलं.

आईला आतड्याचा कर्करोग झाला तेव्हा वडील नव्हते. ती पनवेलच्या बाजारात मासे विकायची. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, केमोच्या गोळ्या देऊ, घरीच घ्यायच्या. आम्हाला बरंच वाटलं. सुई नाही, सलाईन नाही, मुंबईच्या खेपा नाहीत. औषधांच्या खिडकीतल्या माणसाने पट्ट्या सरकवल्या, पिशवीवर पेनने ३-०-३ लिहिलं. "जेवणानंतर. चौदा दिवस चालू, सात दिवस बंद. पुढचे या." सोबत इंग्रजीतला घडीचा कागद होता, मुंगीएवढ्या अक्षरांचा.

मी चिडले. सलाईनमधून हेच औषध जायचं असतं तर एक नर्स शेजारी उभी राहिली असती. गोळी झाल्याबरोबर ते गोड बोलून आमच्या स्वयंपाकघरात ढकललं होतं. पण चिडून मी काय केलं, तर पत्रक. पांढऱ्या कार्डशीटवर तक्ता आखला, सकाळ-संध्याकाळचे रकाने पाडले आणि वर लाल स्केचपेनने लिहिलं, 'एकही गोळी चुकवू नका.' इंग्रजी कागद मी वाचायला घेतला होता, अर्ध्यावर सोडला.

आई चौथी शिकलेली. प्रत्येक गोळीनंतर ती रकान्यात बरोबर खूण करायची. पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीत ती हट्टाने सकाळचे दोन तास बाजारात बसायला लागली. दहाव्या दिवशी तिचे तळवे लाल दिसले, बोटांची सालं निघत होती.

"हे काय झालंय?"

"बर्फात हात घालून तीस वर्सं झाली. सोलनार नाय तं काय व्हनार?"

"पायसुद्धा?"

"पायाखाली बर्फाचंच पानी असतं ना गो. तू कवा बसलीस बाजारात?"

मी खरंच कधी बसले नव्हते. तिचे हात माझ्या आठवणीत कायम असेच होते, खरबरीत, गालावर फिरले की टोचणारे. मी खोबरेल तेल चोळून दिलं. मग तोंड आलं, तर ती म्हणाली, मिरची जास्त पडली असेल. जुलाब तिने दोन दिवस माझ्यापासून लपवले. तेराव्या दिवशी संध्याकाळी तिला भिंत धरून चालावं लागत होतं.

"आजच्या राहू देऊ या का?" मी विचारलं.

"तूच लिवलंयस ना वर? एक पन नाय चुकवायची."

मी पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला.

दुसऱ्या दिवशी ती रुग्णालयात होती, अर्धवट शुद्धीत. अंगातलं पाणी गेलेलं, पांढऱ्या पेशी उतरलेल्या. दोन दिवसांनी ती बोलायला लागली तेव्हा तरुण डॉक्टरने तिचे हात उलटसुलट करून पाहिले. "हे तर आधीपासून असणार. गोळ्या थांबवून फोन का नाही केला?"

"कुठे करायचा होता?" मी विचारलं. तो फाईल बघत राहिला.

फुटलेल्या ओठांनी आई म्हणाली, "माजीच चूक, डाक्टर. ही सांगत व्हती थांब म्हनून."

ते खोटं होतं. मी फक्त एकदा विचारलं होतं, आणि पेला मीच लावला होता. मी आयुष्यभर खोट्याविरुद्ध ओरडत आले. त्या वेळी गप्प बसले.

मग मी नवीन पत्रक लिहिलं. तळवे सोलले, तोंड आलं, जुलाब लागले, ताप आला, तर पुढची गोळी घेऊ नका, लगेच इथे फोन करा. पुढे रेघ मारून जागा सोडली. खिडकीतल्या माणसाने ते सगळं वाचलं. वाईट माणूस नव्हता. "चांगलं लिहिलंय, मॅडम. पण नंबर कुणाचा टाकू?" ओपीडीत विचारलं, त्यांनी वॉर्डात पाठवलं. वॉर्डातून परत खिडकीकडे. चार महिने झाले, ती रेघ अजून कोरी आहे. त्या खिडकीसमोर रोज रांग लागते आणि प्रत्येकाला तेवढंच सांगितलं जातं.

आईला त्या गोळ्या पुन्हा देता येणार नाहीत, आणि दुसरं काही सोसण्याएवढी ती सावरली नाही. आता आजार यकृतात उतरलाय. ती दिवसभर घरातल्या खिडकीपाशी पडून असते.

"बग," ती हात पुढे करते, "बर्फ सुटला तं कसे लोन्यावानी झाले."

तक्ता तिच्या उशाशी भिंतीवरच आहे. मी दोनदा काढायला गेले. "ऱ्हाऊ दे. चांगलं अक्षर हाय तुजं," म्हणाली. तेराव्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत सगळ्या रकान्यांत खुणा आहेत. एकही चुकलेली नाही.