दोन ठोके जास्त

माझ्या सख्ख्या भावानं मला शर्यतीतून बाद केलं होतं. पहिला आलेलो असताना.

काल दुपारी अण्णा गेले. टिळकवाडीत, लेकीच्या घरी. वय शहाऐंशी. त्रास फार झाला नाही.

अण्णा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. लष्करात घोड्यांच्या दवाखान्यात होते. सत्तरच्या दशकात रिटायर होऊन निपाणीला परत आले ते एक ट्रंक, एक स्टेथोस्कोप आणि वेळेची शिस्त घेऊन. घरात चहाला पाच मिनिटं उशीर झाला तरी वहिनी बिचाऱ्या कारण सांगायच्या.

आमच्याकडं तेव्हा जत्रेला घोड्यांची लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली होती. चिकोडीच्या रस्त्यानं वीस किलोमीटर जायचं आणि परत यायचं. नियम एकच. पहिला येईल तो पहिला.

पहिल्याच वर्षी एका टांगेवाल्याचा घोडा सगळ्यांच्या पुढं आला. हार घातला, हलगी वाजली, लोकांनी मालकाला खांद्यावर घेतलं.

तेवढ्यात घोडा खाली बसला तो उठलाच नाही.

त्याचं डोकं मांडीवर घेऊन अण्णा बसलेले मी पाहिलेत. हलगी बंद करायचं कुणाच्या लवकर लक्षातच आलं नाही.

पुढच्या वर्षी अण्णा कमिटीत गेले आणि नियम बदलून आले. पाच तासांची मुदत. आणि पोचलं म्हणजे संपलं नाही. पोचल्यापासून अर्ध्या तासात घोड्याची नाडी मिनिटाला साठवर उतरली पाहिजे. ती उतरेल तेव्हाची वेळ खरी. नाही उतरली तर बाद.

लोक हसले.

"पाच तासात आमची म्हस बी जाऊन यील की ओ अण्णा!"

"मग म्हस आन. तिची बी नाडी बघतो," अण्णा म्हणाले.

पण नियम टिकला.

आता माझं सांगतो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बी.ए. होऊन घरी बसलेला. तंबाखूच्या वखारीत मिळेल तेवढे दिवस काम. जीव सगळा आमच्या घोडीत, चंद्रीत. त्या वर्षी पुण्याकडचे एक स्टड फार्मवाले शर्यत बघायला येणार होते. चांगला रायडर दिसला तर नोकरीला घेणार, अशी बातमी होती.

मी चंद्रीला अशी पळवली की विचारू नका. तीन तासांच्या आत परत. दुसरा घोडा मागं दिसतसुद्धा नव्हता.

अण्णांनी स्टेथोस्कोप लावला. पंधरा सेकंदांत पंधरा ठोके हवेत. भरले पंचवीस.

पाणी मारलं. सावलीत फिरवली. एकवीस. मग एकोणीस.

अर्धा तास भरत आला तेव्हा सतरा.

"अण्णा, परत मोजा."

त्यांनी परत मोजले. सतराच.

"दोन ठोके, अण्णा. दोनच जास्त हाईत."

"व्हय. दोनच."

आणि टेबलावर लिहीत बसलेल्या गुरुजींकडं वळून म्हणाले, "दत्तात्रय. बाद."

नोकरी दुसऱ्या नंबरवाल्याला मिळाली.

घरी आल्यावर मी ओरडलो. "सख्खा भाव हाय मी तुमचा! कुनाला कळलं असतं?"

अण्णा म्हणाले, "तुझ्या घोडीला कळलं असतं."

दुपारभर चंद्री थरथरत होती. वैरणीला तोंड लावेना. अण्णा बादलीत गूळ-मीठ कालवून तिला थोडं थोडं पाजत होते. मी सोप्यात तोंड फिरवून पडलो होतो. पाणी भरून द्यायला वहिनी उठल्या. मी उठलो नाही.

याची लाज मला आजही वाटते.

वर्षभर आम्ही एकमेकांशी थेट बोललो नाही. एका घरात, एका पंगतीत. "वहिनी, त्यांना भाकरी वाढा." "अगं, त्याला विचार, चंद्रीची नाल बघितली का." असं चाललेलं.

एक दिवस सकाळी गोठ्यात गेलो तर खुंटीला स्टेथोस्कोप अडकवलेला. अण्णांचा. काही निरोप नाही. कधीच कुणाला हात लावू न देणारा माणूस.

मी मोजायला शिकलो. रोज. चालवून, पळवून, विसावा देऊन. चंद्रीला किती झेपतं ते मला तेव्हा कळलं. आधी मला फक्त ती किती पळते तेवढंच माहीत होतं.

पुढच्या जत्रेला परत उतरलो. येताना सात किलोमीटर राहिले असताना तिची पुढची नाल निघाली. दगडाळ रस्ता. मी उतरलो आणि लगाम धरून चालायला लागलो. एकेक घोडा बाजूनं निघून गेला. कुणीतरी ओरडलं, "दत्ता, बस की रं वर! येळ संपंल!"

नाही बसलो.

पोचलो तेव्हा पाच तासांना सहा मिनिटं कमी होती. मांडव निम्मा रिकामा. अण्णा घड्याळ घेऊन उन्हात उभे.

त्यांनी आधी खूर उचलून बघितला. मग नळी कानाला लावली.

"चौदा," ते म्हणाले. गुरुजींना म्हणाले, "लिवा. दत्तात्रय. पूर्ण."

मी शेवटचा होतो.

मग अण्णांनी माझ्या हातातला लगाम घेतला आणि म्हणाले, "तू बस आता. सावलीला बस. मी फिरवतो तिला."

माझ्याशी थेट बोललेलं वर्षभरातलं ते पहिलं वाक्य. मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. ते बघत नाहीत असं दाखवत घोडीला फिरवत राहिले.

घोड्यांची नोकरी मला कधी मिळाली नाही. बस डेपोत लागलो, तिथूनच रिटायर झालो. चंद्री आमच्याकडं आणखी बारा वर्षं होती. म्हातारी होऊन गेली.

अण्णा, तुमचा राग धरला होता, तो तुम्ही असतानाच निवळला. एवढं बरं झालं.

या आता. नमस्कार करतो.

— तुमचा दत्ता