समासातली पेन्सिल
डांबरगोळ्यांचा वास आला की मला भरे गावातलं वाचनालय आठवतं. उरवड्याच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर मी त्या गावात एकटीच खोली घेऊन राहत होते आणि संध्याकाळी तिथून पुस्तकं आणत होते. एका कादंबरीत नवऱ्याचा मार खाणाऱ्या नायिकेच्या पानावर कुणीतरी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आता निघ बाई हितनं.' मी दचकले, कारण माझ्याही मनात नेमकं तेच आलं होतं. पुढं ती घर सोडते तिथं लिहिलं होतं, 'निघाली. लई बरं वाटलं.' मी पेन्सिल शोधून खाली लिहिलं, 'मलाही.' त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. कपाटातली पुस्तकं काढून मी तेच अक्षर शोधायचे आणि सापडलं की ते पुस्तक खोलीवर न्यायचे. मग एक दिवस घरमालकीण दारात आली. पाणी आणि वीजबिल सोडून आमचं कधी बोलणं झालं नव्हतं, म्हणून मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. पण तिच्या हातात तीच कादंबरी होती. "वाचनालयातनं माझ्यामागं हे तूच नेलंवतंस म्हणं," ती हळूच म्हणाली, "'मलाही' तू लिवलंस का गं?" मी हो म्हणताच ती उंबऱ्यावरच बसली. "मग सांग, शेवटी ती परत गेली, ते बरूबर केलं का?" आत भात करपला तरी आमचा वाद मिटला नाही. आता मी हिंजवडीत राहते, पण आम्ही दोघी अजून एकच पुस्तक वाचायला घेतो, आणि फोनवर ती खुशालीआधी विचारते, "कुटवर आलीस?"