पहिल्या ट्रम्पेटचा दात

कारखान्याच्या बँडमध्ये चौतीस वर्षं पहिली ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाला सगळे ‘पहिले’च म्हणत. बायकोसुद्धा चिडली की हाक मारायची, “अहो पहिले, जेवायला या आता!” त्यांच्या डाव्या हाताला बसायचा तो ‘दुसरा’. हा त्यांचा साडू, वयानं बारा वर्षांनी लहान. त्याला बँडमध्ये आणलं पहिल्यांनीच, आणि आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्यांना बावीस वर्षं वाटत आलं होतं.

साडूचे दात हे पहिल्यांचं खरं दुखणं. ट्रम्पेटवाल्याची सगळी भिस्त ओठांवर, आणि ओठांना आधार दातांचा. साडू अक्रोड दातानं फोडायचा आणि मेहुणीच्या, म्हणजे पहिल्यांच्याच बायकोच्या, हातावर ठेवायचा. पहिले ते बघत आपला घास तोंडात घोळवत बसायचे.

त्यात हाडांचं निघालं. सांध्यांसाठी बारा वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन पहिल्यांची हाडं ठिसूळ झाली होती. गोदामात एक खोकं उचलायचं निमित्त झालं आणि मणका दबला. डॉक्टरांनी हाडांसाठी आठवड्याची गोळी सुरू केली: सोमवारी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हे बायकांचं दुखणं, असं पहिल्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यांनी बायकोला बजावलं, “तुझ्या बहिणीकडे हे जाता कामा नये.” चार वर्षं ते गोळी घेत होते, दाराला आतून कडी लावून.

वार्षिक समारंभाला दोन महिने उरले असताना खालचा, सुळ्याशेजारचा दात ठणकायला लागला. गाडी साडूची, म्हणून दवाखान्यात साडूच घेऊन गेला आणि आत शेजारच्या स्टुलावर ठाण मांडून बसला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कुठली औषधं चालू आहेत?”

“सांध्यांची. बाकी काही नाही.”

“हाडांसाठी काही? गोळी, इंजेक्शन? नीट आठवून सांगा, दात काढायच्या आधी मला कळायला हवं.”

पहिल्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून साडूकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

“माझ्या हाडांना काय धाड भरलीय!” पहिले म्हणाले.

दात निघाला. पंधरा दिवस झाले, महिना झाला, तरी जखम भरेना. जिभेला तिथं काहीतरी खरखरीत लागायचं, तोंडाला वास यायचा. परत दवाखान्यात जावं, तर तालीम बुडणार आणि पहिली खुर्ची साडूला मिळणार. पहिले लवंग दाबून वाजवत राहिले. शेवटी एका तालमीत लांब सूर धरताना जबड्यातून अशी कळ गेली की ट्रम्पेट मांडीवर आली. बँडमास्तरांनी साडूला पहिल्या खुर्चीवर यायची खूण केली.

समारंभाला पहिले श्रोत्यांत बसले. साडू एकट्यानं वाजवायला उभा राहिला, तेव्हा त्यांनी मनोमन मागितलं, वरचा सूर फुटू दे. सूर फुटला नाही. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिल्यांचेही हात हलले, पण पोटात हेव्याची नुसती आग पडली होती.

दुसऱ्या दिवशी बायकोनं गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकली आणि त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी पाहिली, तोंडात पाहिलं.

“जबड्याचं हाड उघडं पडलंय. या गोळीनं क्वचित होतं असं, पण होतं. स्टेरॉइडही चालू, त्यामुळे धोका जास्त. तुम्ही सांगितलं असतंत, तर आधी रूट कॅनाल करून दात वाचवायला बघितलं असतं.”

“मग गोळी आजपासून बंद!”

“आपल्या मनानं काही बंद करायचं नाही. तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी देते.”

पाच महिने गुळण्या आणि औषधं चालली. हाडाची एक कपची सुटून आली, मग कुठं जखम भरली.

मधल्या काळात साडू एकदा बायकोला घेऊन घरी आला. बायका आत होत्या. तो चप्पलही न काढता दारातच उभा राहिला.

“दादा, गोळीचं मला ठाऊक होतं. हिनं कधीच सांगितलं होतं.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीस?”

“बावीस वर्षं दुसरी वाजवतोय, दादा. वाटलं, एकदा तरी...”

पहिल्यांचं डोकं भडकलं. त्यांनी त्याला दार दाखवलं, महिनाभर फोनसुद्धा घेतला नाही. पण संतापाच्या तळाशी त्यांना एक चोरटं समाधानही सापडलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली. याच्याही पोटात आग होती तर. ती आपल्यामुळे होती.

आता पहिले एका दाताची, काढघाल करायची कवळी लावून दुसऱ्या खुर्चीवर बसतात. साडू वाजवताना खांदे उचलतो, त्यामुळे दम लवकर संपतो, हे त्यांना न बघताही कळतं. परवाच्या तालमीत त्यांना राहवलं नाही.

“खांदे खाली घे,” ते पुटपुटले.

साडूनं खांदे खाली घेतले, आणि सूर पूर्वी कधी नव्हता इतका भरून आला. पहिल्यांनी स्वतःची जीभ चावली.