मेष्ट्रूंचा श्वास, अक्कांचा हात

लग्न होऊन मी सोलापूरहून बंगलोरला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. ह्यांना सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी होती आणि मल्लेश्वरमला भाड्याच्या दोन खोल्या. जो तो म्हणायचा, नशीब काढलं पोरीनं, बंगलोरची हवा म्हणजे काय विचारता! त्या हवेनं पहिल्याच थंडीत माझा गळा धरला. सोलापूरच्या उन्हात कधी साधी शिंक न आलेली मी, पहाटे उठून उशीवर कोपरं टेकून बसायला लागले. छातीत शिट्ट्या वाजायच्या. डॉक्टर म्हणाले, दमा आहे, इथं पुष्कळांना होतो. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की श्वास मोकळा व्हायचा, पण हात थरथरायचे आणि छाती धडधडायची. भाकरी थापायला बसले की तिचा नकाशा व्हायचा.

दुसरी थंडी पहिलीपेक्षा वाईट गेली तेव्हा माहेरी ठरलं, की मला हवापालटाला सोलापूरला न्यायचं. किती दिवस, ते कुणी बोलेना. माझी एक आत्या अशीच हवापालटाला म्हणून माहेरी आली होती. तिच्या नवऱ्यानं आज बोलावतो, उद्या बोलावतो करत करत दुसरा संसार मांडला, आणि आत्याचं पान शेवटपर्यंत आमच्याच घरी वाढलं गेलं. त्यामुळे हवापालट म्हटलं की मला आत्याचं ते पानच दिसायचं. हे तसे नव्हते हो. पण आत्याचे यजमानही आधी तसे नव्हतेच ना.

हे माझ्याइतकेच घाबरले होते, फक्त कबूल करत नव्हते. घाबरले की ते काहीतरी शिकायला जायचे. आमच्यापासून चार गल्ल्या सोडून एक निवृत्त शाळामास्तर पहाटे ओट्यावर प्राणायाम शिकवायचे. सगळे त्यांना मेष्ट्रू म्हणायचे, म्हणजे कानडीत मास्तरच. पण मेष्ट्रू फक्त पुरुषांना शिकवत. बायकांनी आपापल्या नवऱ्याकडून शिकावं, असा तिथला शिरस्ता. म्हणजे दमा मला आणि शिकवणी ह्यांना! हे तिथं जाऊन इडा, पिंगला, पूरक, रेचक असं सगळं घेऊन यायचे आणि कारखान्यात जाण्याआधी, चहा पिता पिता, माझ्या नाकात भरायला बघायचे.

"डावी नाकपुडी चंद्राची, उजवी सूर्याची. आता उजवी बंद कर."

"ती आधीच बंद आहे."

"मग डावी बंद कर."

"तीही बंदच आहे हो! म्हणून तर हा सगळा खटाटोप चाललाय ना?"

ह्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. संध्याकाळी ते मेष्ट्रूंना विचारून यायचे आणि दुसऱ्या दिवशी नवीनच काहीतरी निघायचं. दम्याच्या माणसानं श्वास कोंडून धरायचा नाही, नुसता सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. हे मला पटलं, कारण माझा श्वास अडायचा तो सोडतानाच. आत गेलेली हवा बाहेर यायला तयार नसायची. मी नेमानं करायला लागले आणि थोडा फरक पडतोय असं वाटायला लागलं. मग एक दिवस हे म्हणाले, मेष्ट्रू म्हणतात, हे सगळं बरं व्हायला नाहीच मुळी. श्वास म्हणजे दावं आणि मन म्हणजे वासरू. दाव्यानं वासराला खुंट्यापाशी आणायचं, ते निवांत बसलं की दावं हातातून सोडून द्यायचं. ते सोडून दिलं की ध्यान.

"म्हणजे श्वासाकडं लक्ष द्यायचं की नाही द्यायचं?"

"आधी द्यायचं, मग नाही द्यायचं."

"आणि मग कधी, ते मला कोण सांगणार?"

हे घड्याळ बघून कारखान्यात निघाले. मी डोळे मिटून बसायचे. लक्ष दिलं की श्वास बिघडायचा, कुणी टक लावून बघत असलं की चालताना आपले पाय अडखळतात तसा. नाही दिलं तर मन सरळ सोलापूरला, आत्याच्या पानापाशी जाऊन बसायचं. वासरू कसलं, द्वाड रेडकूच होतं ते.

त्यात आमच्या घरमालकीणबाई. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. त्यांचं घराणं मराठीच, पण बंगलोरात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता यायचं नाही. निम्मी मराठी, निम्मी कानडी असं ठसक्यात बोलायच्या. पुढच्या भागात त्या, त्यांचे यजमान आणि मुलगा-सून, मागं आम्ही, आणि मधे विहीर नि अंगण. गल्लीतल्या कुणाच्याही पोराला धाप लागली, कुणाची बाळंतीण तापली, की अक्कांना बोलावणं यायचं. त्या काही औषध द्यायच्या नाहीत. पाठीमागं बसायच्या, दोन खांद्यांच्या मधे उघडा तळवा ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि मोठ्यानं, सावकाश श्वास घ्यायच्या. म्हणायच्या, माझ्यातला प्राण थोडा हिला देते, माझ्याकडं भरपूर आहे.

मला पहिल्यांदा हात लावला तेव्हा मी विचारलं, "मी काय करू, अक्का?"

"तू काही करू नकोस गे. करून करूनच तुझं हे झालंय. मी करते, तू स्वल्प गप्प बस."

आणि खरं सांगते, बरं वाटलं. त्यांचा तळवा ऊन लागायचा, पाठीतून ती ऊब आत उतरतेय असं वाटायचं आणि शिट्ट्या हळूहळू कमी व्हायच्या. ह्यांना सांगितलं तर हे लगेच मेष्ट्रूंकडं. मेष्ट्रू म्हणाले, प्राण काय पिठाची वाटी आहे शेजारणीला द्यायला? आणि देता येत असला तरी देऊ नये. आंबे आणायला निघालेल्या माणसानं वाटेत चिंचा गोळा करत बसू नये. अक्कांना हे कळलं तेव्हा त्या विहिरीवर दोर ओढता ओढता म्हणाल्या, "सरी, सरी, बरं तर. त्यांना म्हणावं आंबे खा. ह्या पोरीला आत्ता चिंचच हवीय."

मी कुणाचं ऐकायचं? मेष्ट्रू म्हणत, तुझा श्वास तूच सावर. अक्का म्हणत, तू सोड, मी सावरते. हे म्हणत, दोन्ही करू, बघू कशानं गुण येतो. पण दोन्ही एकदम केल्यावर कशानं आला ते कळणार कसं, हे त्या इंजिनिअरला सुचलं नाही. धाप लागली की मी एकीकडे नाकपुड्या आठवायचे, एकीकडे पाठीवरच्या हाताची ऊब शोधायचे, एकीकडे लक्ष देऊ की नको ह्याचा विचार करायचे. नाकी नऊ येणं म्हणतात ते माझं अक्षरशः झालं होतं. एक ना धड, भाराभर चिंध्या!

अशात माझे बाबा मला न्यायला आले. ह्यांनी त्यांना मेष्ट्रूंचं सांगितलं, मी अक्कांचं सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला एवढंच सांगा, पुढच्या थंडीत ही धड असेल का?" हे म्हणाले, मेष्ट्रूंना विचारून सांगतो. त्याच रात्री मी बाहेरची झाले, म्हणून निघणं लांबलं. अक्कांच्या घरी चार दिवस कडक पाळायचे. विहीर एक, अंगण एक, त्यामुळे भाडेकरूंनाही सुटका नव्हती. आमच्या अंगणाकडच्या पडवीत बसायचं, कुणाला शिवायचं नाही, पाचव्या दिवशी न्हाऊन आत यायचं. मला त्याचा मनस्वी राग होता, पण घर त्यांचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे कारखान्यात गेले होते. बाबा आमच्या पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. अक्कांकडे त्या दिवशी त्यांच्या सासूबाईंचं श्राद्ध होतं. पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक चालला होता, भटजी यायचे होते. त्यांच्या चुलीचा धूर अंगणात उतरला, पडवीत भरला आणि मला धाप लागली. अशी लागली, की तोपर्यंतच्या सगळ्या धापा लुटुपुटूच्या वाटाव्यात. गोळ्या आत कपाटात. हाक मारायला आवाज फुटेना. मी पितळेचं भांडं जमिनीवर आपटलं.

बाबा धावत आले. त्यांनी कपाट उपसून गोळी आणली, लांबून माझ्या ओंजळीत टाकली, पण गोळीला गुण यायला वेळ लागतो. तेवढ्यात अक्काही त्यांच्या मागच्या दारात आल्या. ओलेत्या, केस वर गाठलेले, हाताला पीठ. माझ्याकडं बघितलं आणि पायरीवरच थांबल्या. सोवळ्यातल्या बाईनं मला शिवायचं म्हणजे श्राद्धाचा सगळा स्वयंपाक बाटला, पुन्हा अंघोळ, पुन्हा सगळं पहिल्यापासून. मला ते त्या स्थितीतही कळलं. मनात म्हटलं, झालं, आता मेलेच मी!

अक्का पायरीवर बसल्या. आमच्यामधे सगळं अंगण. म्हणाल्या, "इकडं बघ. माझ्याकडं बघ." आणि मोठ्यानं श्वास सोडायला लागल्या, फुंकणीनं चूल फुंकावी तसे ओठ करून. लांब, खूप लांब. मग थोडासा घेतला, पुन्हा लांब सोडला. मी त्यांच्या ओठांकडं बघत होते. माझे ओठ केव्हा तसे झाले मला समजलं नाही. डावी उजवी काही आठवलं नाही. पाठीवर हात नव्हता, ऊब नव्हती. तरी हळूहळू हवा बाहेर यायला लागली. बाबांकडं नजर गेली तर तेही खांबाला धरून, ओठांचा चंबू करून फुंकत होते. एरवी हसले असते मी.

मग हातानं काय होत होतं? गोळीनं उतरलं म्हणावं तर इतक्या लवकर ती कधीच लागू पडत नसे. अक्कांनी अंगणापलीकडून प्राण पाठवला म्हणावं, तर त्या जे करत होत्या ते तर मेष्ट्रूंचंच होतं, सावकाश सोडणं. आणि मेष्ट्रूंचं म्हणावं, तर तेच मी एकटीनं केलं तेव्हा असा गुण का नाही आला? माझ्या डोक्याचं पार भजं झालं होतं, आणि एवढा विचार करण्याइतका श्वास आता माझ्यात आला होता.

बाबा दोन पावलं पुढं गेले. हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचे उपकार आहेत. पण मी बाप आहे. तुम्ही असंच हिला सांभाळाल ह्याची मला हमी द्या, मी हिला इथं ठेवून जातो."

अक्का म्हणाल्या, "हमी कसली देऊ? मला काय येतं?" मग हाताचं पीठ चोळून काढत राहिल्या. बोलल्या तेव्हा बाबांशी नाही, माझ्याशी बोलल्या. "माझा थोरला तीन वर्षांचा होता. असाच धापा टाकायचा. त्या दिवशी मी तू बसलीस तिथंच बसले होते, बाहेरची. सासूबाईंनी त्याला देवाचा अंगारा लावला होता. म्हणाल्या, तू शिवलीस तर गुण जाईल, तिथंच राहा. मी राहिले. त्याचा आवाज मला ऐकू येत होता. मग तो थांबला. मला वाटलं, बरं वाटलं पोराला. मी देवाला हात जोडले गे, इथं बसून."

ज्यांचं श्राद्ध रांधत होत्या त्या ह्याच सासूबाई. अक्का उठल्या, पायरी उतरल्या, अंगण ओलांडून सरळ पडवीत आल्या आणि ओलेत्यानंच माझ्या मागं बसून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आत त्यांच्या सुनेनं "अय्यो, अत्ते!" अशी सासूला हाक मारून तोंडावर हात ठेवला. अक्कांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचा हात थंडगार होता. त्यांचा श्वास तुटत होता, हुंदका आणि धाप ह्यांतलं कुठलं काय ते कळत नव्हतं. मी वळले. जिनं कुणाला शिवायचं नाही त्या मी त्यांच्या दोन खांद्यांच्या मधे माझा तळवा ठेवला आणि ओठांचा चंबू करून लांब श्वास सोडला. पुन्हा सोडला. त्यांना ऐकू जाईल असा, मोठ्यानं.

कोण कुणाला काय देत होतं, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळलेलं नाही.

बाबा खांबापाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "काय करायचं गं?" माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला असं विचारलं होतं.

मी म्हणाले, "बाबा, तुम्ही जा. अक्कांचा श्वास आत्ता कुठं लयीत येतोय."