एका पत्त्यावरची माणसं

सुलेखा चांदोरकरला कुणी बंडखोर म्हटलं असतं, तर आधी तिच्या नवऱ्याला ठसका लागला असता. परदेशात राहूनही नाकासमोर चालणारी बाई. चोआ चू कांगच्या फ्लॅटमधून निघायचं, ज्युराँग ईस्टला गाडी बदलायची, बुओना व्हिस्टाला उतरून ऑफिसात शिरायचं आणि संध्याकाळी त्याच वाटेनं घरी. मंडळाच्या गणपतीतसुद्धा ती स्टेजवर कधी दिसली नाही. दिसायची ती मागे, प्रसादाच्या डब्यांपाशी. लिफ्टमध्ये कुणी हिच्या पायावर पाय दिला तर 'सॉरी' हीच म्हणणार. आता बोला!

एका बाबतीत मात्र बाई हट्टी होती. पुण्या-मुंबईहून कुणी नोकरीला आलं आणि त्याची राहायची सोय लागायची असली, की तो पाहुणा हिच्याकडे. कुणाचा मावसभाऊ, कुणाची मैत्रीण, तर कुणी नुसतंच कुणाच्या तरी ओळखीचं. हॉलमध्ये गादी पडायची, सकाळी पोहे, आणि 'कधी जाणार' हे विचारायचं नाही, असा घरचा कायदा. ती स्वतः आली तेव्हा एका अनोळखी जोडप्यानं तिला असंच ठेवून घेतलं होतं. निशिकांत, तिचा नवरा, बँकेतला शिस्तीचा माणूस, अधूनमधून कुरकुरायचा, "घराची धर्मशाळा केलीस." ती म्हणायची, "मग धर्म होतोय ना? होऊ द्या की." त्यांची मुलगी अनुया शाळेतून आली की आधी हॉलमध्ये डोकवायची आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत विचारायची, "धिस टाइम हू इज इट, लाह?"

रुचिर असाच आलेला. ऋताही तशीच, त्याच्यानंतर दोनएक वर्षांनी. दोघंही पुढे सुलेखाच्याच कंपनीत, तिच्याच टीममध्ये. आपापली घरं झाली, तरी ताई म्हणायची सवय राहिली.

आता तिचं काम काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दवाखान्यात एकाच माणसाची नोंद तीन तऱ्हेनं होते. एकीकडे पूर्ण नाव, एकीकडे आद्याक्षरं, तिसरीकडे आडनाव पुढे आणि नाव मागे. हे तिघं एकच, असं ओळखणारं सॉफ्टवेअर सुलेखाची कंपनी बनवायची. नोव्हेनाकडच्या हॉस्पिटलांतले डॉक्टर ते वापरायचे. त्यातला एक भाग खास सुलेखाचा. एका पत्त्यावर कोण कोण राहतं, हे तो शोधून काढायचा. घरात एकाला संसर्गाचा आजार निघाला, तर बाकीच्यांना वेळेवर कळवता यावं म्हणून तिनं तो रचलेला. त्याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा? चांगलं काम होतं ते.

तर एके दिवशी दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवताना रुचिरनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "ताई, आपलं सॉफ्टवेअर विकलंय. दूरच्या एका देशाच्या इमिग्रेशन खात्याला. ज्यांचे कागद संपलेत त्यांना हुडकून, उचलून देशाबाहेर घालवणारं खातं."

"मग? सरकारं हे करतातच."

"करतात. पण त्यांना त्या एका माणसावर थांबायचं नाहीये. त्यानं जिथे जिथे पाठ टेकली, त्या घरातली सगळी माणसं त्यांना हवीत. आणि ते काढून देणारा भाग तुमचा आहे."

सुलेखानं चमचा खाली ठेवला.

रुचिर सांगत होता. कंपनीच्या त्या देशातल्या ऑफिसात लोक एकत्र आले होते. हे काम आम्ही करणार नाही आणि हा करार रद्द करा, असं त्यांनी निवेदन काढलं होतं. इथल्या लोकांनीही साथ द्यावी, असा निरोप होता. मोर्चा-बिर्चा काही नाही. कंपनीच्या आत, आपल्या नावानिशी, 'आम्हीही करणार नाही' एवढंच म्हणायचं. आणि सुलेखाचा भाग त्या खात्याच्या मागणीप्रमाणे वाढवायचं नेमकं तेच काम धवलनं, म्हणजे त्यांच्या मॅनेजरनं, रुचिरकडे दिलं होतं. रुचिरनं सकाळीच 'नाही' म्हणून सांगितलं होतं.

"नाही म्हणालास? अरे, तुझा पास!"

परदेशी नोकरी करणाऱ्याला ह्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. रुचिर एम्प्लॉयमेंट पासवर. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की महिन्याभरात बाडबिस्तरा गुंडाळायचा. त्याची बायको गार्गी नुकतीच इथे रुळत होती. सुलेखाचं तसं नव्हतं, ती केव्हाच पर्मनंट रेसिडेंट झालेली.

"म्हणूनच तुम्ही बरोबर हव्यात," रुचिर म्हणाला. "मी एकटा असलो तर मला चिमटीत धरून बाहेर ठेवतील. तुमचं नाव असलं तर विचार करतील."

"बघते," सुलेखा म्हणाली. मराठी माणसाचं 'बघते' म्हणजे काय, हे रुचिरला कळत होतं. त्यानं ताट पुन्हा पुढे ओढलं.

घरी निशिकांतनं ऐकलं आणि चष्मा काढला. "हे बघ, आपण बरं, आपलं काम बरं. सुरी विकणाऱ्यानं गिऱ्हाईक भाजी कापतंय की गळा, हे बघत बसायचं का? आणि तो रुचिर शहाणा आहे. त्याचं तो बघेल."

सुलेखाला हे पटलं असं नाही, पण सोयीचं वाटलं. सोयीचं वाटलं की माणूस पटल्यासारखं करतो. तिनं रुचिरची नजर चुकवायला सुरुवात केली. तो दुपारी एकेका टेबलाशी जाऊन लोकांशी बोलत असायचा आणि ही लांबची रांग धरायची. लाज वाटत होती, खोटं कशाला बोला! पण लाजेनं कुणी मेलेलं नाही, असं ती स्वतःला सांगत होती.

धवलनं ते काम मग ऋताला दिलं. ऋता हुशार, वेगवान आणि कुणालाही नाही म्हणता न येणारी. तिनं आठवड्यात ते उरकलं. आता ह्या धंद्याची एक रीत आहे. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचून 'मंजूर' म्हटल्याशिवाय ते पुढे जात नाही. वाचायचं म्हणजे खरोखर वाचायचं, ओळ न् ओळ. पण आपली माणसं! आपल्याच पोरीनं लिहिलंय, तिला काय तपासायचं, उगाच खुसपटं काढली तर तिला वाईट वाटेल. शिवाय सुलेखाला ते उघडून बघायचंच नव्हतं. उघडलं की ठरवावं लागणार. तिनं दोन मीटिंगच्या मध्ये, चहाचा कप हातात धरून, 'मंजूर' दाबलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

गुरुवारी ते सगळ्यांना दाखवायचं होतं. मोठ्या खोलीत टीम जमली. धवल पुढे, रुचिर भिंतीला टेकून, सुलेखा नेहमीसारखी मागच्या खुर्चीत. बोलणं अर्थातच इंग्रजीत चाललेलं. आपण ते मराठीत ऐकू.

"समजा," ऋता म्हणाली, "एका माणसाचा पास संपलाय आणि तो सापडत नाहीये. उदाहरणासाठी मी रुचिरचं नाव घातलंय. सॉरी हं, रुचिर." लोक हसले. तिनं बटण दाबलं. पडद्यावर रुचिरचं नाव आलं, त्याच्या खाली त्याचा पहिला पत्ता आणि त्या पत्त्याभोवती एकामागून एक नावं उमटत गेली.

पत्ता चोआ चू कांगचा होता. ब्लॉक, मजला, घर नंबर, सगळं सुलेखाचं.

"ए ऋता, हे तर माझं घर!"

"हो ताई," ऋता अगदी सहज म्हणाली. "खोटी माहिती बनवायची होती, तर मला तोंडपाठ असलेला पत्ता तोच. इथे आल्यावर पहिले तीन महिने सगळीकडे मी तोच तर सांगत होते."

धवल हसून म्हणाला, "वा! हा तर फॅमिली फोटोच झाला!" पुन्हा सगळे हसले. पडद्यावर ऋता होती. निशिकांत होता. कधीकाळी चार दिवस राहून गेलेली विनीता होती, जी आता इथे नव्हतीही. आणि अनुया होती. प्रत्येक नावापुढे एक आकडा, कुणाकडे आधी जायचं ते सांगणारा. सर्वांत मोठा आकडा सुलेखाच्या नावापुढे होता.

"माझा एवढा का?" तिनं विचारलं.

ऋता सांगायला लागली, आणि सांगता सांगता तिचाच आवाज बारीक होत गेला. "कारण ताई... एकाच घरात एकामागून एक माणसं येऊन राहिली, तर त्या घराचा मालक लोकांना आसरा देतो, असं धरायचं. त्या खात्याची तशी मागणी आहे. आसरा देणारा सापडला की बाकीचे सापडतात."

"आणि अनुया? शाळकरी पोर आहे ती."

"ती त्या घरात राहते, म्हणून."

आता कुणी हसत नव्हतं. इतके दिवस तिनं स्वतःची समजूत घातली होती, की त्या देशातली ती माणसं कुणी वेगळी आहेत. वेगळी कसली? हॉलमध्ये गादी घालणारी एखादी बाई, सकाळी पोहे करणारी. नाहीतर तिकडे जे काही करत असतील ते. आणि दारावर थाप पडली की आधी तिला उचलायचं, हे यंत्राला शिकवलं कुणी? तर हिनं. पाया हिचा, आणि वरच्या मजल्याला मंजुरीही हिचीच.

ती उभी राहिली. तिनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली. "हे मी मंजूर केलंय," ती म्हणाली. "न वाचता केलंय. ऋताची चूक नाही, माझी आहे. माझी मंजुरी मी परत घेते. आणि रुचिर ज्या निवेदनासाठी सगळ्यांकडे फिरतोय ना, त्यात माझं नाव घाला."

"सुलेखाताई, हे नंतर बोलू," धवल हळूच, मराठीत म्हणाला. तो मुंबईचा, मराठी उत्तम यायचं.

"नंतर म्हटलं की मी गप्प बसेन, धवल. मला मी माहीत आहे."

ऋतानं पडदा बंद केला आणि म्हणाली, "माझंही घाला." मग खिडकीजवळची एक चिनी मुलगी, जी वर्षभरात कुणाशी चार शब्द बोलली नव्हती, तिनं हात वर केला. सगळ्यांनी केला असं समजू नका. सारंग लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला. दोघं-तिघं फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. त्यांनाही बायकापोरं आहेत, पास आहेत. त्यांना नावं ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. पण त्या आठवड्यात अर्ध्याहून जास्त टीम निवेदनात आली, आणि ऋतानं लिहिलेलं मंजूर करायला कुणी हात लावेना.

पुढच्या सोमवारी सुलेखाला वर बोलावणं आलं. काचेची खोली, एचआरची बाई आणि धवल. बाई गोड होती. ती म्हणाली, "तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. तुम्ही जुन्या, अनुभवी. तुमच्या हातून घाईत मंजुरी गेली, तुम्ही मोठ्या मनानं कबूल केलंत, विषय संपला. टीमच्या नाराजीचंही आम्ही बघू. फक्त रुचिरचं वेगळं आहे. त्यानं नेमून दिलेलं काम नाकारलं. तो शिस्तीचा प्रश्न आहे. त्यात तुम्ही पडू नका."

म्हणजे दार उघडं होतं. ही सुटत होती, नोकरी सलामत, मान सलामत. फक्त 'ठीक आहे' म्हणायचं होतं, आणि आयुष्यभर तिनं दुसरं काय म्हटलं होतं?

"मला एक समजत नाही," सुलेखा म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच, मऊ. "त्यानं काम वाचलं आणि नाही म्हणाला. मी वाचलं नाही आणि हो म्हणाले. तुमच्या ह्या कंपनीत कामाची चूक कोणाची धरतात?"

एचआरच्या बाईनं धवलकडे पाहिलं. धवल टेबलाकडे बघत होता.

"त्याला शिस्तीचं पत्र द्यायचं असेल तर आधी मला द्या. त्याला काढणार असाल तर मलाही काढा. तो जाईल तो देश सोडून जाईल, मी फक्त घरी जाईन. तेवढा फरक माझ्या बाजूचा आहे, म्हणून मी बोलतेय."

मग धवलनं खाकरून घसा साफ केला. "ती बरोबर बोलतेय," तो बाईला म्हणाला. "ते काम ह्या टीमकडे द्यायलाच नको होतं. मीच दिलं. रुचिर माझ्या टीममध्ये राहील." मग थांबून, "आणि ते काम इथे होणार नाही, हे मी वर लिहून कळवतो."

कराराचं पुढे काय होणार, ते अजून कुणाला ठाऊक नाही. त्या देशातल्या ऑफिसात लोक अजून अडून बसलेत, कंपनी 'विचार करते आहे' म्हणते. कंपन्यांचं 'विचार करते' आपल्या 'बघते'च्याच घराण्यातलं. पण त्या सोमवारी रुचिरचा पास शाबूत राहिला. तो जिन्यात भेटला, काहीतरी बोलायला गेला, तर सुलेखा त्याला म्हणाली, "गार्गीला फोन कर आधी. ती वाट बघत असेल."

घरी जाताना गाडीत तिला भीती वाटायला लागली, गंमत बघा, सगळं झाल्यावर! वरचं बोलावणं आल्याचं तिनं सकाळीच घरी कळवलं होतं. आता निशिकांत काय म्हणेल? आठवडाभर तो तिच्याशी मोजकंच बोलत होता. 'आपलं आपण बघावं' हे त्यानं निरनिराळ्या शब्दांत रोज ऐकवलं होतं. आता विचारेल, तुझी नोकरी राहिली का, मान खाली घालावी लागली का, मी सांगत होतो ते ऐकलं असतंस तर. सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिनं ज्युराँग ईस्टपर्यंत तयार केली.

ती घराशी पोचली तर दार उघडंच होतं आणि निशिकांत लोखंडी जाळीच्या आत उभा होता. ऑफिसचे कपडे अजून अंगावर. तिची पर्स घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

"रुचिरचं काय झालं?" त्यानं विचारलं.

तयार केलेलं एकही उत्तर ह्या प्रश्नाचं नव्हतं. सुलेखाला बाहेरच, चपला काढता काढता, रडू फुटलं. "राहतोय तो, अहो," ती म्हणाली. "राहतोय."